खिडकीपासून खाडीपर्यंत: पक्षी पाहायला कसं शिकायचं

सहलीच्या आदल्या आठवड्यात दुर्बीण विकत घ्यायची, जंगलात पोचल्यावर ती पहिल्यांदा डोळ्यांना लावायची आणि दोन दिवसांनी 'काही दिसलंच नाही' म्हणत परत यायचं, असं पुष्कळ जणांचं होतं. पक्षी तिथे असतात. पण पान हललं ते वाऱ्यानं की पक्ष्यानं, हे कळायला डोळा तयार असावा लागतो, आणि तो तयार होतो घराजवळच्या, रोज दिसणाऱ्या पक्ष्यांवर. म्हणून दूरचा बेत आखण्याआधी निदान दोन-तीन महिने घराच्या आसपास पक्षी बघा. पुढचं सगळं त्याच क्रमानं सांगतो.

एक जागा धरा

घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असेल अशी एकच जागा निवडा. गच्ची, बाग, ओढ्याचा काठ, झुडपं माजलेला मोकळा प्लॉट, काहीही चालेल. जिथे दोन प्रकारच्या जागा एकमेकींना भिडतात तिथे पक्षी जास्त मिळतात: झाडी संपून गवत सुरू होतं तो पट्टा, किंवा पाण्याला लागून असलेलं झुडूप. एखादं उंबर-वडासारखं फळांचं झाड असेल तर सोन्याहून पिवळं.

आठवड्यातून दोन-तीनदा, अर्धा-पाऊण तास, शक्यतो सूर्योदयानंतरच्या दोन तासांत जा. रात्रभर उपाशी असलेले पक्षी त्या वेळी खाण्याच्या मागे असतात. हवा स्थिर असते, गोंगाट कमी असतो, त्यामुळे आवाजही लांबून येतो. संध्याकाळी उन्हं कलल्यावरची वेळ दुसऱ्या क्रमांकाची. ऊन पाठीवर येईल अशा बाजूला उभे राहा. ऊन तोंडावर असेल तर हिरवा पक्षीही काळा दिसतो आणि काळाही काळाच.

आणि पहिल्या दिवशी चालू नका, बसा. आपण पोचलो की आसपासचे पक्षी गप्प होतात किंवा सरकतात. आठ-दहा मिनिटं हललं नाही की पुन्हा आपापल्या कामाला लागतात. माझ्या नेहमीच्या जागेवर एक दाट झुडूप आहे. तिथे बसलो की पहिली काही मिनिटं ते रिकामंच वाटतं. मग खालच्या फांदीवर एक पान नको तसं हलतं. पानाखालून चिमणीपेक्षाही लहान, पाठीवर हिरवट आणि डोक्यावर तांबूस असा शिंपी बाहेर येतो. शेपूट सरळ वर उभं. पानाची खालची बाजू तपासतो, एक अळी ओढतो, फांदीवर चोच दोन्हीकडून पुसतो आणि एवढ्याशा देहातून 'टुविट-टुविट-टुविट' असा दणदणीत आवाज काढतो. त्या वेळी दुर्बिणीतून मानेकडे बघा. ओरडताना मानेच्या बाजूला एक काळसर पट्टी उमटते आणि तोंड मिटलं की नाहीशी होते. तो पिसांचा रंग नाही. मान ताणली की पिसं बाजूला होऊन आतली काळी त्वचा दिसते. हे एकदा स्वतः पाहिलं की शिंपी जन्मभर विसरत नाही.

असे दहा-बारा पक्षी नीट बघा. चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल, पारवा, दयाळ, कोतवाल, घार, खंड्या. यांची बसण्याची ढब, उडण्याची तऱ्हा, चिडल्यावरचा आवाज, सगळं पाठ झालं पाहिजे. चिडल्याचा आवाज तर विशेषच. कावळे, बुलबुल, कोतवाल एकाच झाडाभोवती कल्ला करत असतील तर तिथे घुबड, शिक्रा किंवा साप असण्याची दाट शक्यता असते. पिंगळा मला अनेकदा असाच, दुसऱ्यांच्या आरडाओरड्यामुळे सापडला आहे.

दुर्बीण

पहिला महिना दुर्बिणीशिवाय काढला तरी चालतो, पण घ्यायची तेव्हा समजून घ्या. दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला ८ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापाशी येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये जेमतेम २.६. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीएवढीच उघडी असते, त्यामुळे दुकानात तिन्ही सारख्याच वाटतात. पहाटे किंवा दाट झाडीत बाहुली मोठी होते आणि तिथे लहान दुर्बीण अंधारी पडते. पक्षी बघण्याची वेळ नेमकी तीच.

पट जास्त म्हणजे दुर्बीण चांगली, हा समज सोडा. १० पटींत हाताचा कंपही १० पट दिसतो आणि दृश्याचा घेर आवळतो, त्यामुळे फांद्यांतला चंचल पक्षी सापडत नाही. सुरुवातीला ८×४२ घ्या. वजन नको असेल तर ८×३२. कमी-जास्त पट करता येणाऱ्या झूमच्या दुर्बिणी टाळा. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट बघा आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली बसवून संपूर्ण गोल दिसतो का ते तपासा. कप वर काढायचे ते चष्मा नसलेल्यांनी.

आता ती डोळ्यांना लावून घ्यायची. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं अंतर आधी बसवा. मग उजवीकडचं पुढचं भिंग तळहातानं झाका आणि मधलं चाक डाव्या डोळ्याला एखादी पाटी लख्ख दिसेपर्यंत फिरवा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवून तीच पाटी लख्ख करा. कडं कुठल्या खुणेवर आलं ते लक्षात ठेवा. दोन्ही डोळ्यांतला फरक एकदा असा जमवला की पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. हे न केल्यामुळे डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात पडून राहिलेली मी पाहिली आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

दुर्बिणीत पक्षी सापडत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. युक्ती सोपी आहे. पक्ष्यावरची नजर काढायची नाही, मान हलवायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांपाशी आणायची. खाली बघून दुर्बीण हातात घेतली आणि मग वर पाहिलं की पक्षी हरवलाच. बसलेल्या कावळ्यावर रोज वीस वेळा करा. आठवड्याभरात हात बसतो.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने नको. फोटो मिळाला की माणूस पाहणं थांबवतो. पक्षी काय करत होता, ते फोटोत येत नाही.

रंग शेवटी

पक्षी दिसला की सगळे रंग सांगतात. रंग सगळ्यात आधी फसवतो. उजेड बदलला की तोही बदलतो. म्हणून आधी आकारमान बघा, तेही ओळखीच्या पक्ष्याच्या मापानं. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, पारव्याएवढा, घारीएवढा. 'साळुंकीपेक्षा थोडा लहान, पण शेपूट लांब' एवढं सांगता आलं तरी शेकडो जाती बाद होतात. घराजवळचे दहा-बारा पक्षी पाठ करायला सांगितले ते याचसाठी. हीच मापं पुढे जगात कुठेही वापरायची आहेत.

मग घडण. चोच जाड आणि आखूड असेल तर बिया फोडणारा, बारीक असेल तर किडे टिपणारा, आकडीसारखी असेल तर मांस फाडणारा. शेपटीचं टोक दुभंगलेलं की गोल? पाय लांब की पोटात दडलेले?

त्यानंतर वागणं, आणि माझ्या लेखी हीच सगळ्यात मोठी खूण. उघड्या फांदीवरून झेप घेऊन हवेतला किडा टिपून पुन्हा त्याच फांदीवर येतो का? जमिनीवर चालतो की टुणटुण उड्या मारतो? धोबी पक्षी चालताना शेपटी सतत खालीवर करतो. शंभर फुटांवरून रंग कळला नाही तरी तेवढ्यावरून तो ओळखू येतो. सुतार पक्षी लाटेसारखा वरखाली होत उडतो. खोडावर बसताना शेपटीचा टेकू घेतो.

एवढं झालं की रंग, आणि तोही ठरावीक जागी: डोळ्यावर भुवईसारखी रेघ आहे का, पंखावर आडवी पट्टी आहे का, कंठ आणि छाती एकाच रंगाची आहेत का, बुडाखाली वेगळा रंग आहे का. डोळ्यापासून सुरू करून शेपटीपर्यंत याच क्रमानं नजर फिरवायची सवय लावली की चार सेकंदांतही बरंच टिपता येतं.

पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी पाहिलेलं वहीत लिहा, चुकतमाकत रेखाटा. आधी चित्र पाहिलं की मन चित्रातलंच पाहिल्यासारखं सांगू लागतं. नर-मादीचा फरकही लक्षात असू द्या. नर कोकीळ काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, तर मादी तपकिरी आणि अंगभर पांढरट ठिपक्यांची. दोन वेगळे पक्षी म्हणून लोक त्यांची नोंद करतात. शिवाय तो 'कुहू' नराचा असतो.

आवाज शिकायचे तर एका वेळी एक. ऐकू आला की शोधत जा आणि चोच उघडताना बघूनच थांबा. असा जोडलेला आवाज पक्का बसतो. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप आवाजावरून नाव सुचवतं. फार कामाचं आहे, पण त्याला इशारा समजा, निकाल नव्हे. कोतवाल, हरेवा, साळुंकी दुसऱ्यांच्या हुबेहूब नकला करतात आणि त्यात माणूस फसतो तसं ॲपही फसतं. डोळ्यांनी दिसला तरच वहीत.

वही

तारीख, वेळ, जागा, किती वेळ पाहिलं, कोणते पक्षी, किती. एवढं प्रत्येक वेळी लिहा. थवा मोठा असेल तर दहा पक्षी नीट मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरा आणि थव्यात अशा किती 'दहा' बसतात ते पाहा. हजारोंच्या थव्यात शंभराचं माप घ्या.

ही नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलीत तर ती तुमच्यापुरती राहत नाही. कॉर्नेलची प्रयोगशाळा आणि पक्ष्यांसाठी काम करणारी अमेरिकेतली ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ साली हे सुरू केलं, आणि जगभरच्या हौशी माणसांच्या नोंदींवर संशोधक काम करतात. तिथे एक प्रश्न विचारतात: तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी यादीत आहेत का? 'हो' म्हणता यावं म्हणून कावळा-पारवाही लिहा. मग यादीत एखादा पक्षी नसणं हीसुद्धा माहिती ठरते. फक्त दुर्मीळ पक्षीच लिहिले तर नेहमीचा पक्षी कमी होत चालल्याचं कुणालाच कळणार नाही.

लोकांनी मिळून पक्षी मोजण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी सुचवल्यावरून अमेरिका आणि कॅनडातल्या २७ जणांनी, नाताळात शिकार करण्याचा रिवाज सोडून, बंदुकीऐवजी वही घेऊन पक्षी मोजले. ती मोजणी दर वर्षी अजून होते. सामील व्हायला सगळ्यात सोपी म्हणजे फेब्रुवारीतली चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, १९९८ पासूनची. १५ मिनिटं खिडकीत बसलात तरी नोंद धरतात.

खिडकीचा विषय निघालाच आहे. पक्ष्यांना घरी बोलवायचं तर दाण्यांपेक्षा पाणी ठेवा. उथळ, खरबरीत तळाचं भांडं, दोन ते पाच सेंटीमीटर पाणी, रोज बदललेलं आणि भांडं घासलेलं. जवळ झुडूप असावं, पण मांजर दबा धरेल इतकं जवळ नको. मोठ्या काचेत आभाळ-झाडाचं प्रतिबिंब पडत असेल तर काचेला बाहेरून पाच-पाच सेंटीमीटरवर ठिपके चिकटवा. काचेवर आपटून मेलेला पक्षी हातात घ्यायची वेळ कुणावर येऊ नये.

आता प्रवास

बेत ठरला की आधी त्या भागातली, त्या महिन्यातली यादी काढा. ई-बर्डवर कुठल्याही प्रदेशासाठी वर्षभराचा पट्ट्यांचा तक्ता मिळतो. पट्टी जाड असेल तेव्हा पक्षी सहज दिसतो, बारीक असेल तेव्हा क्वचित, आणि जिथे पट्टीच नाही तेव्हा तो बहुधा दुसऱ्याच खंडात असतो. सुंदर जागा चुकीच्या महिन्यात गाठण्याची चूक या एका तक्त्यानं टळते.

यादीतले तीनशे पक्षी पाठ करायला जाऊ नका. सगळ्यात जास्त दिसणारे वीस घ्या, त्यांचे आवाज ऐका, चित्रं बघा. हे वीस तिकडचे कावळे-साळुंक्या आहेत. ते पक्के असले की एकविसावा आपोआप वेगळा उठून दिसतो. त्याखेरीज फक्त त्याच प्रदेशात आढळणारे, म्हणजे प्रदेशनिष्ठ पक्षी कोणते ते पाहून ठेवा. ते दुसरीकडे दिसणार नाहीत.

पोचल्यावर पहिली सकाळ दूर जाऊ नका. मुक्कामाच्या आवारातच तासभर काढा. घरी जे केलंत तेच: बसा, दहा मिनिटं थांबा, मापं लावा. पुढच्या दिवसांचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. कुटुंबाबरोबर गेला असाल तर हाच पहाटेचा तास तुमचा. बाकीचे उठायच्या आत परत येता येतं आणि कुणाचा दिवस मोडत नाही. एक तरी सकाळ स्थानिक वाटाड्या घ्या. तिथल्या आवाजांत मुरलेला माणूस तीन तासांत जे दाखवतो ते एकट्यानं शोधायला आठवडा लागतो, आणि त्याच्या हाती पैसे गेले की त्या जंगलाला राखणदार मिळतो.

दाट जंगलात अर्धा तास शुकशुकाट आणि मग अचानक सगळीकडे पक्षी, असं होतं. तो मिश्र थवा. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र चरत पुढे सरकतात. एकानं उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो आणि शिकाऱ्यावर अनेक डोळे राहतात. त्याच्या मागे धावू नका. तो कुठे सरकतोय ते पाहून वळसा घालून पुढे जाऊन उभे राहा आणि त्याला अंगावरून जाऊ द्या. अशा वेळी एकच पक्षी निवडून नीट बघावा. सगळ्यांकडे पाहायला गेलं की एकही हाती लागत नाही.

खाडीवर घड्याळापेक्षा भरतीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी ठिपक्यांएवढे दूर जातात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचा. पाणी चढत येतं तसं ते पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलतं आणि शेवटी सगळे एका कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीनं उभे राहतात. त्या दाटीत कोण कुठून आलेला असेल याला सुमार नाही. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि कुठेही न उतरता, अकरा दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोचलं. पाठीवरच्या छोट्या यंत्रामुळे हे कळलं. चिखलात चोच खुपसणारा मळकट पक्षी दिसला तर म्हणून दोन मिनिटं जास्त थांबा.

शिकारी पक्ष्यांसाठी पहाटे उठायची गरज नाही. जमीन तापून गरम हवेचे झोत वर चढू लागले, म्हणजे साधारण नऊ-दहानंतर, की गरुड, घारी, गिधाडं त्यावर घिरट्या घेत चढतात. समुद्रावर असे झोत फारसे उठत नाहीत, म्हणून स्थलांतर करणारे मोठे शिकारी पक्षी रुंद पाणी टाळतात आणि चिंचोळ्या जागी गोळा होतात: इस्तंबूलची बॉस्फरस सामुद्रधुनी, युरोप-आफ्रिकेमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला डोंगर आणि आखात यांच्या मधल्या पट्टीतून एका हंगामात लाखो शिकारी पक्षी जातात. प्रवासाची तारीख हलवता येत असेल तर अशा जागांसाठी जरूर हलवा.

माळरानावर गाडीतून उतरू नका. माणसाची उभी आकृती दिसली की पक्षी उडतात, गाडीला मात्र फारसे बुजत नाहीत. इंजिन बंद करा, दुर्बीण दारावर टेकवा.

दुर्बीण नेहमी हातातल्या सामानात ठेवा. विमानतळ, लष्करी हद्द, सरहद्द, धरण यांच्या आसपास ती बाहेर काढू नका. तिथल्या पहारेकऱ्याला तुम्ही पक्षी बघताय हे कसं कळणार? एकटे जंगलवाटेनं निघालात तर कुठे जाताय आणि कधी परतणार ते कुणाला तरी सांगून जा.

किती जवळ जायचं

पक्षी खायचं थांबून मान ताणून तुमच्याकडे बघू लागला की तिथेच थांबा. आणखी एक पाऊल टाकलं तर तो उडणार. घरट्याजवळ रेंगाळणं सरळ टाळा. आई-बाप चोचीत घास घेऊन जवळच्या फांदीवर अस्वस्थ फिरत असतील, तर घरटं जवळ आहे आणि तुम्ही आड आला आहात, मागे व्हा. आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बाहेर काढणं मी करत नाही आणि कुणी करू नये असं मला कळकळीनं वाटतं. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला. खाणं, पिल्लं सोडून तो नसलेल्या शत्रूशी भांडत राहतो, आणि प्रसिद्ध जागी हे त्याच्या वाट्याला दिवसातून दहा वेळा येतं. घुबडाची किंवा घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

परत आल्यावर बुटांना लागलेला चिखल आणि बिया धुऊन टाका, म्हणजे एका जंगलातलं तण किंवा रोग दुसरीकडे जात नाही. याद्या त्याच आठवड्यात पुऱ्या करा, नंतर आठवणी एकमेकींत मिसळतात. काही पक्षी ओळखू येणार नाहीत. गवतातले चंडोल, चिखलातले तुतवार यांत मुरलेली माणसंही अडतात. तिथे अंदाजानं नाव लिहू नका. 'चंडोल, जात कळली नाही' एवढंच लिहा आणि शेजारी जे दिसलं ते टिपून ठेवा. पुढच्या वर्षी घराजवळच्या माळावर तसाच एखादा दिसेल तेव्हा ते पान पुन्हा उघडायचं आहे.